टेनिस एल्बो आणि श्रीरामपूरची ऋतुजा

दिवाळीच्या आधी आमच्या वस्तीतली एक ताई कागद घेऊन माझ्याकडं आली. पाच घरची धुणीभांडी करते. उजव्या हाताचं कोपर तीन महिन्यांपासून दुखत होतं, तांब्या उचलला तरी कळ जायची. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं, 'टेनिस एल्बो'. मी वाचून दाखवलं तशी ती हसायलाच लागली. "सिस्टर, मी कवा टेनिस खेळले? त्याची फळी कशी असती ते बी मला ठावं नाही."

तिची मुलगी नववीत आहे, ती शेजारीच बसली होती. तिनं पटकन विचारलं, "मग जे खेळतात त्यांचं काय होतं?" प्रश्न चांगला होता. या महिन्याचं पान त्याच प्रश्नावर लिहायचं ठरवलं.

जे खेळतात त्यांच्यातली एक आपल्यापासून फार लांबची नाही. नेवाशाच्या पलीकडं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथं २७ मार्च १९९६ ला जन्मलेली ऋतुजा भोसले ही आज भारताची व्यावसायिक टेनिसपटू आहे. वडील पोलिस खात्यात. लहानपणापासून रॅकेट हातात, पुढं अमेरिकेत टेक्सासमधल्या ए अँड एम विद्यापीठात शिकली आणि तिथल्या संघाकडून खेळली. शिक्षण सोडून खेळ नाही आणि खेळ सोडून शिक्षण नाही, हा मार्ग तिनं धरला. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

३० सप्टेंबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊला आशियाई खेळांत मिश्र दुहेरीची अंतिम लढत होती. मिश्र दुहेरी म्हणजे दोन्ही बाजूंना एक बाई आणि एक पुरुष. आपल्याकडून ऋतुजा आणि रोहन बोपण्णा, समोर तैवानची जोडी. पहिला सेट आपण २-६ असा सपशेल हरलो. दुसरा ६-३ जिंकला. मग निकालासाठी जो छोटा डाव खेळतात, आधी दहा गुण करील तो जिंकला, तो १०-४ असा घेतला. सुवर्णपदक. तेव्हा ऋतुजा सत्तावीस वर्षांची होती आणि बोपण्णा त्रेचाळीस वर्षांचा.

या खेळात श्रीरामपूरची एकटीच पोरगी आहे असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या आशियाई खेळांत सानिया मिर्झाबरोबर कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. बार्शी, श्रीरामपूर ही काही मुंबई-पुणे नव्हेत.

टीव्हीवर पदक दिसतं. नर्स म्हणून मला त्याच्या मागचं शरीर दिसतं, आणि त्या शरीराचा हिशेब आपल्या नाक्यावरच्या मजुरासारखाच आहे हे सांगितलं तर पटणार नाही. पण तसंच आहे. टेनिसमध्ये पगार नसतो. क्रमवारीत खालच्या पायरीवर असलेल्या खेळाडू ज्या स्पर्धा खेळतात त्यांत 'पंधरा हजार डॉलर' असं काही लिहिलेलं असतं. ती रक्कम एकीला मिळत नाही, सगळ्या खेळाडूंमध्ये वाटायची असते. पहिल्याच फेरीत हरलेलीच्या हातात जे पडतं त्यात विमानाचं तिकीटसुद्धा निघत नाही. प्रवास, राहणं, रॅकेटच्या तारा, बूट, प्रशिक्षक, सगळं स्वतःचं. मोठ्या खेळाडूंबरोबर मालिश करणारा, व्यायाम घेणारा असा ताफा फिरतो. खालच्या पायरीवरची पोरगी स्वतःच्या खांद्याला स्वतःच पट्टी बांधते. आणि ज्या आठवड्यात खेळली नाही त्या आठवड्यात कमाई शून्य, वर क्रमवारीही घसरते. म्हणजे खाडा पडला की मजुरी बुडाली. यामुळं दुखतंय तरी खेळायचं, हा मोह प्रत्येकीला होतो. आपल्या बायका ताप अंगात घेऊन कामाला जातात त्याचं कारण दुसरं काय असतं?

आता कोपराकडं येते.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. मनगट वर उचलणारे आणि मूठ घट्ट धरताना मनगट ताठ ठेवणारे स्नायू एका दोरीनं त्या उंचवट्याला बांधलेले असतात. तीच तीच हालचाल हजारो वेळा झाली की ती दोरी तिथं झिजते, तिचे तंतू विसविशीत होतात. हेच टेनिस एल्बो. पस्तीस ते पंचावन्न या वयात जास्त दिसतं. हा रोग होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रॅकेट कधी धरलेली नसते. पिळे घालून धुणं पिळणारी, बादल्या उचलणारी, भिंती रंगवणारा, रंधा मारणारा, वाळूजला लाइनवर दिवसभर स्क्रू आवळणारा, ही खरी गिऱ्हाइकं.

मग नाव टेनिसचं का? १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे दुखणं पहिल्यांदा लिहून ठेवलं, तेही लेखणी चालवणाऱ्यांच्या हाताबद्दल लिहिताना. दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, इंग्लंडात 'लॉन टेनिस एल्बो' असं नाव छापून आलं, कारण साहेब लोकांना तेव्हा त्या खेळाचं नवं वेड लागलं होतं. धुणं पिळणाऱ्या बाया त्या काळीही होत्या. त्यांचं कोपर दुखत नसणार असं कोण म्हणेल? पण त्यांच्या हातावरून रोगाला नाव पडलं नाही. असो.

गंमत अशी की चांगल्या व्यावसायिक खेळाडूला हा त्रास शिकाऊ खेळाडूपेक्षा कमी होतो. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमसुद्धा नसतो, रॅकेट साधारण तीनशे ग्रॅमची. ओली चादर त्यापेक्षा किती जड असते ते तुम्हीच सांगा. प्रशिक्षित खेळाडू फटका मनगटानं मारत नाही. जोर पायांतून निघतो, कमरेतून खांद्यात येतो आणि हात नुसता शेवटी वळतो. उलट्या बाजूचा फटका, बॅकहँड, बहुतेक मुली दोन्ही हातांनी मारतात, त्यामुळं एकट्या कोपरावर भार येत नाही. नवशिका मात्र सगळा जोर मनगटात घालतो आणि महिन्याभरात कोपर धरून बसतो.

यातून आपल्याला घेण्यासारखं आहे. चादर पिळताना दोन्ही मनगटं उलटसुलट फिरवू नका. चादर नळाला अडकवून दोन्ही टोकं एकत्र धरा आणि अंग मागं टाकून पीळ द्या, म्हणजे जोर पाठीचा लागतो. नाहीतर तशीच दोरीवर टाका, पाणी निथळू द्या. बादली भरगच्च भरून एक खेप करण्यापेक्षा अर्धी भरून दोन खेपा बऱ्या. कुठलीही जड वस्तू उचलताना तळहात वर करून, वस्तू अंगाजवळ घेऊन उचला. तळहात खाली ठेवून हात लांब करून उचललं की नेमकी तीच दोरी ताणली जाते.

आणि एक व्यायाम. खुर्चीवर किंवा खाटेवर बसा. दुखरा हात मांडीवर ठेवा, तळहात खाली, मनगट गुडघ्याच्या पुढं लोंबतं. हातात अर्धा लिटरची पाण्याची बाटली घ्या. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून द्या आणि मग दुसरा हात काढून बाटली हळूहळू खाली येऊ द्या, मनात पाच आकडे मोजत. असं पंधरा वेळा, थोडं थांबून पुन्हा, दिवसातून तीनदा. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं दिसलं तर बाटलीतलं पाणी कमी करा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. दहा दिवसांत सोडून देऊ नका.

इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडं 'सुई मारा म्हणजे मोकळं' हा हट्ट फार. कोपरात स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं की पहिले काही आठवडे जादू झाल्यासारखं वाटतं. पण वर्षभरानं तपासलं तर इंजेक्शन घेतलेल्यांमध्येच दुखणं उलटण्याचं प्रमाण जास्त, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. इंजेक्शन न घेता, काम बदलून आणि व्यायाम करून बहुतेकांचं कोपर वर्षाच्या आत बरं होतं. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र दुखणं मानेतून किंवा दबलेल्या नसेतून असू शकतं, ते दाखवून घ्या. आणि डाव्या हातात कळ, बरोबर छातीत जडपणा, घाम, तर ते कोपर नव्हे. तसंच घाटीत जा, रिक्षा करून, लगेच.

बोपण्णाचं वय मी मुद्दाम वर लिहिलं. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा, म्हणजे दोन हाडांमधली गादी, पार झिजलेली आहे. दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या खाऊन खेळत होतो, असं त्यानंच सांगितलेलं आहे. पुढं त्यानं अय्यंगार पद्धतीची योगासनं धरली, मांडीचे आणि कमरेचे स्नायू घट्ट केले, गोळ्या कमी झाल्या. हांगझोऊनंतर चार महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, त्यानं मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचला, या क्रमांकावर पोचलेला सगळ्यात वयस्कर पुरुष. सगळ्यांचे गुडघे आसनांनी बरे होतील असं मी म्हणत नाही. पण मेडिकलवरून दहा रुपयांची 'अंगदुखीची गोळी' रोज घेणारी मंडळी आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्या गोळ्या रोज घेतल्या तर जठरात व्रण होतो आणि किडनीवर परिणाम होतो. बीपी-शुगरवाल्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूचा असतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे धरून ठेवायचा, खाली आणायचा, हा व्यायाम फुकट आहे.

त्या नववीतल्या पोरीनं आणखी एक विचारलं होतं, "मला खेळता येईल का?" टेनिस महाग आहे, खोटं कशाला सांगू. पण विद्यापीठाच्या आवारात साईचं केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, आणि पळायला तर काहीच लागत नाही. अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५४ टक्के आला. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असलेल्या पोरीला दोन फेऱ्या पळाल्यावर धाप लागते आणि आपण म्हणतो, आळशी आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची असते. ती पोरी खिडकीतून फेकतात, कारण मळमळतं. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबू पिळलेलं काही चालेल. कलेजी, मटण, मासे यांतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा लवकर अंगी लागतं. ताटात मटणाचे चार तुकडे असतील तर दोन पोरीच्या ताटात पडू द्या, सगळे पोराकडं नकोत. आणि पोरगी खूप पळतेय, जेवण कमी आहे आणि पाळी तीन महिने आलीच नाही, तर त्याला 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नका. शरीराला इंधन पुरत नाही याची ती खूण आहे, आणि पुढं हाडं ठिसूळ होतात. मोठमोठ्या खेळाडूंनाही हे होतं.

आता परदेशातल्या एका खेळाडूबद्दल. ती स्पेनची. नाव कार्ला सुआरेझ नवारो, जन्म १९८८, कॅनरी बेटांवरची. बुटकी म्हणावी अशी, आणि बॅकहँड एका हातानं मारणारी, जी आता दुर्मीळ गोष्ट आहे. २०१६ मध्ये दोहाची मोठी स्पर्धा जिंकून ती जगात सहाव्या क्रमांकावर गेली होती. २०२० हे आपलं शेवटचं वर्ष, असं तिनं आधीच जाहीर केलं होतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिला मळमळ व्हायला लागली, अंगात जोर राहीना. कोरोनाचे दिवस. दुसरी एखादी म्हणाली असती, सराव जास्त झाला असेल. तिनं स्पर्धेतून माघार घेतली आणि तपासण्या केल्या. १ सप्टेंबर २०२० ला तिनं जगाला सांगितलं, मला हॉजकिन्स लिम्फोमा आहे. लसिका ग्रंथींचा कॅन्सर. लवकर सापडला, किमोथेरपी घेतली, केस गेले. एप्रिल २०२१ मध्ये बरी झाल्याचं तिनं कळवलं आणि जूनच्या सुरुवातीला पॅरिसच्या फ्रेंच ओपनला मैदानात उभी राहिली. पहिला सेट जिंकली, सामना हरली. विम्बल्डनला पहिल्या क्रमांकाच्या ॲश बार्टीकडून एक सेट हिसकावला. ती बार्टीच पुढं ती स्पर्धा जिंकली. टोकियो ऑलिंपिक खेळली आणि त्या वर्षअखेरीस निवृत्त झाली. आजारानं तिचा शेवट ठरवला नाही, तिनं ठरवला.

हे वाचून 'स्पेनची ती, तिचं काय' असं म्हणू नका. हॉजकिन्स हा कॅन्सर वीस-तीस वयाच्या तरुणांना होतो, मग पुन्हा पंचावन्नच्या पुढं. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येते आणि ती दुखत नाही. न दुखणारी गाठ म्हणून कोणी लक्ष देत नाही. बरोबर बारीक ताप, रात्री कपडे भिजतील असा घाम, वजन उतरणं, कधी अंगाला खाज.

आपल्याकडं एक घोळ आहे. मानेतली गाठ, ताप, वजन घटणं, हे टीबीचंही चित्र आहे, आणि आपल्या वस्त्यांत टीबी जास्त. त्यामुळं गाठीतलं काही न तपासता टीबीची औषधं सुरू होतात आणि महिने जातात. मी स्वतः यात चुकलेली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी दहावीतली एक मुलगी आईबरोबर आली, गळ्याशी गाठ. मी हात लावून म्हणाले, सर्दीची असेल, जाईल. पुढं एका खासगी दवाखान्यात अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, मग अंदाजानं टीबीची औषधं. पाच महिन्यांनी गाठ काढून तपासली तेव्हा लिम्फोमा निघाला, पसरलेला. तिची परीक्षा बुडाली, उपचार लांबले. ती वाचली, पुढच्या वर्षी दहावी झाली. पण त्या पाच महिन्यांतला पहिला महिना माझ्या नावावर आहे. अंगारे-धुपारे आपण सोडले. 'बघू पुढच्या महिन्यात' अजून सोडलेलं नाही, शिकलेल्यांनीही नाही.

म्हणून नियम साधा ठेवा. गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, वाढतेय, रबरासारखी लागते किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर आहे, तर घाटीत दाखवा. डॉक्टर सुईनं पाणी काढून बघतील, टीबीची तपासणी होईल, ती सरकारी ठिकाणी फुकट आहे. तरी नक्की कळलं नाही तर गाठच काढून तपासायला देतात, त्याला बायोप्सी म्हणतात. 'गाठीला हात लावला की कॅन्सर पसरतो' ही अफवा आहे, तिच्यापायी माणसं गेलेली मी पाहिली आहेत. हॉजकिन्स निघालाच तर हा बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे, पुढच्या टप्प्यातला असला तरी. आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किमोथेरपी बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा, पैसे भरायच्या आधी.

टेनिसमध्ये एक नियम मला फार पटतो. दुखापतीनं, आजारानं किंवा बाळंतपणानं खेळाडू बरेच महिने बाहेर राहिली तर तिची जुनी क्रमवारी काही स्पर्धांसाठी राखून ठेवतात, म्हणजे परत आल्यावर तळापासून चढायला नको. आपल्याकडं त्याच्या जवळपासचं एकच आहे, ईएसआय. वाळूज-चिकलठाण्याला कंपनीत असाल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. कॅन्सर, टीबी अशा लांबणाऱ्या आजारांना ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी ठरलेल्या दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. ठेकेदार ईएसआय कापतो पण भरतो की नाही, हे आपला विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या कार्यालयात तपासता येतं. या आठवड्यातच तपासा, आजारी पडल्यावर नको. धुणीभांडी करणाऱ्या बायांना मात्र हे लागू नाही. त्यांच्यासाठी मालकिणीकडं निदान आठ दिवसांची भरपगारी सुट्टी मागायला आम्ही चार वस्त्यांतल्या बाया एकत्र बसतोय. दोन मालकिणींनी दिली, बाकीच्या म्हणतात, मग दुसरी बाई बघू.

कोपरवाल्या ताईला एकीनंच दिली. तिच्या व्यायामाला आता दोन महिने होत आले. तांब्या, परात उचलता येते, ओली चादर अजून नाही. बाटलीत पाणी मुलगी भरून देते आणि पाच आकडेही तीच मोजते. फार हळू मोजते, अशी आईची तक्रार आहे.